वरच्या बाकावर

तैस्तो, मार दगडांवर अजून एक पळीभर पाणी.
आणि बोल.
सौनात माणूस नागडा असतो,
खोटं ठेवायला खिसा नसतो.

तू म्हणतोस, हवा काय, बदलतेच.
तुझ्या आज्यानं पाहिलेला तो उन्हाळा,
नदी इतकी आटली की गाय चालत स्वीडनला गेली
आणि तिकडचीच झाली.
कबूल. गायसुद्धा कबूल.
माणसंही मरतातच आधीपासून,
म्हणून पाठीत सुरी दिसली
तरी म्हातारपणच म्हणायचं का?

तू म्हणतोस, सूर्य.
मीही आधी त्यालाच धरलं होतं.
चाळीस वर्षं या नदीची पातळी मोजली,
संशय घेणं हीच माझी नोकरी.
पण सूर्य असता तर दिवस जास्त तापले असते.
जास्त तापतायत त्या रात्री.
जास्त तापतोय तो हिवाळा,
जेव्हा इथे तीन आठवडे
सूर्य तोंडसुद्धा दाखवत नाही.
घटनेच्या वेळी तो गावातच नव्हता, तैस्तो.

आणि हे बाक बघ.
खालचा कोमट. मधला बरा.
वरचा, तू हट्टानं बसतोस तो, कान भाजणारा.
आकाशात उलटं चाललंय.
खालचा बाक तापतोय
आणि पार वरचा, ढगांच्याही कितीतरी वरचा,
गार पडत चाललाय.
फुगे सोडून मोजलंय, उपग्रहांनी मोजलंय.
चूल मोठी झाली असती
तर दोन्ही तापले असते.
चूल तेवढीच आहे.
मध्येच कुणीतरी झाकण सरकवलंय.

कुणी?
तुझ्या बर्चच्या धुरात एक कार्बन असतो,
थोडासा किरणोत्सारी, अजून जागा.
कोळसा, डिझेल म्हणजे करोडो वर्षं पुरलेला जीव,
त्यातला तो केव्हाच विझलेला.
हवेत भर पडतेय ती या विझलेल्याची.
धुरालाही आडनाव असतं.
हसू नकोस,
बाहेर उभी आहे ती जुनी डिझेल गाडी माझीच आहे.

(इथे तो काही बोलला नाही.
पाणी मारलं. वाफ आली.
आम्ही दोघं माना खाली घालून बसलो,
वाफेपुढे सगळेच विनम्र.)

गेल्या वर्षी बर्फ उशिरा फुटलं, एकोणीस मेला.
पहाटे पाचला त्यानं माझं दार वाजवलं,
पायात बूट, अंगात नुसती बंडी:
"कुठे गेली तुझी तापलेली दुनिया?"
मी कॉफी ठेवली.
पाद्रीबुवांनी सुरू केलेली वही काढली,
दोनशे ऐंशी वसंत, एकेका ओळीत एकेक,
कुठे शाई, कुठे पेन्सिल,
कुठे नुसतं "आज गेलं. देवाची कृपा."
म्हटलं, एका ओळीवर बोट ठेवू नकोस,
पान उलटत जा.
त्यानं चष्मा आणला नव्हता.
त्याला चष्मा लागतो हे मला
तेव्हाच कळलं.

गावाची पैज आजही चालते.
लाल रंगवलेली घसरगाडी बर्फावर उभी करायची,
ती पुलाखालून वाहून गेली की घड्याळ थांबवायचं.
चिठ्ठ्या गोळा करतो मी.
तैस्तोच्या बापाची तारीख होती बावीस मे,
तैस्तोचीही बावीस मे,
एकतीस वर्षं हरत आला, तारीख हलवली नाही.
"बापाची आहे," म्हणायचा.

यंदाची चिठ्ठी माझ्यासमोर आहे.
बोजड अक्षर, कोपऱ्यात माशाचा वास.
सात मे.

मी काही विचारलं नाही.
सौना संपला, तो टॉवेल गुंडाळून उतरला,
नदीतल्या भोकाकडे निघाला डुबकी मारायला.
मार्चची रात्र, बर्फ निळसर.
काठावर थांबला.
पहार उचलली
आणि पुढे पाय टाकण्याआधी
तीनदा ठोकून पाहिलं.

या नदीवर त्यानं ट्रॅक्टर चालवलाय मार्चमध्ये.