दोन हजार अक्षरं

टावोंगा न्यिरेंडा तीनदा येऊन गेली.
पहिल्यांदा सप्टेंबरात, वहीच्या पानावर तारीख लिहून,
तारखेखाली पट्टीनं दोन रेघा मारून.
दुसऱ्यांदा आईनं तळलेले मंदाझी घेऊन,
कागदातून तेल माझ्या हिशेबाच्या वहीवर उतरलं.
मी म्हटलं, अगं, होऊन जाईल.
तिसऱ्यांदा काहीच बोलली नाही.
माझ्या कोंबड्यांना दाणे टाकले आणि गेली.

आजचं मरण उद्यावर ढकलणं
हा माझा चाळीस वर्षांचा उद्योग.
पण खरं सांगू, या वेळी आळस नव्हता.
त्याच टेबलावरून मी सतरा शिफारसपत्रं धाडली,
एडिनबराला, बीजिंगला, कुठं कुठं.
सतराही पोरं गेली. चांगलंच झालं.
ख्रिसमसला फोन येतात.
आणि मझूझूच्या आमच्या शाळेत
रसायनशास्त्र अजून मीच शिकवतो,
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी.

आज शेवटची तारीख.
त्यांच्याकडे रात्रीचे बारा, म्हणजे आपले दोन.
नऊला वीज गेली.
अकरापर्यंत वाट पाहिली. विजेचीही,
आणि वीज येऊच नये असं वाटण्याचीही.
मग लॅपटॉप बगलेत मारून विटुंबिको न्हाव्याकडे निघालो.
त्याच्या पत्र्यावर सूर्य पकडायची तावदानं आहेत,
खाली एक बॅटरी, गावभरचे फोन तिच्या आचळांना लुचतात.
पायरीवर ती बसलेली.
तुला कसं कळलं मी इथं येईन?
सर, उजेड इथंच आहे.

पहिला रकाना: उमेदवारास आपण किती काळ ओळखता?
नऊ वर्षांची होती, माझ्या पेरूवर चढली होती,
खाली उतर म्हटलं तर म्हणाली, आधी तुम्ही आत जा.
लिहिलं: चार वर्षे.

दुसरा: वर्गातील वरच्या किती टक्क्यांत?
एक, पाच, दहा, समोर गोल गोल टिकल्या.
वर्गात चौऱ्याण्णव मुलं, ब्युरेट एक, तीही तोटीशी गळकी.
लिटमस संपला त्या वर्षी
हिनं जास्वंदीच्या पाकळ्या उकळून कागद बुडवले,
शाळेच्या कुंपणावर वाळत घातले.
मुख्याध्यापक विचारत आले, कुणाचं लग्न आहे?
चौऱ्याण्णवाचा एक टक्का म्हणजे
एक अख्खं मूलसुद्धा भरत नाही.
एकवरच टिचकी मारली.

तिसरा: उमेदवाराच्या उणिवा.
इथं गाडं अडलं.
साडेबारा. न्हावी स्वतःच्याच खुर्चीत घोरतोय.
आरशात मी, पांढऱ्या दाढीचा, चोरी पकडल्यासारखा.
लिहिलं:
ही मुलगी कधीही उशिरा आलेली नाही.
आज उशीर दिसत असेल तर तो माझा आहे,
तिच्या खात्यावर मांडू नये.

यंत्र म्हणालं, अक्षरं जास्त झाली.
दोन हजारांच्या वर एकशे चार.
आता जास्वंद ठेवायची की हे?
बाहेर पाहिलं. ती घड्याळ पाहत नव्हती,
मला तिच्याकडं पाहताना दिसू नये म्हणून.
हे खोडलं.
उणिवांत राहिलं एवढंच: फार वेळ वाट पाहते.

एक वाजून एकेचाळीस मिनिटं.
पडद्यावर आभार आले, माझं नाव चुकीचं लिहून.
गेलं?
गेलं.
तिनं मान हलवली, हसली नाही.
मग हळूच, जणू तिचाच काही गुन्हा:
मॅडम गोंड्वेंचं अजून यायचंय, सर.
त्या फोन उचलत नाहीत.

एकोणीस मिनिटं.
त्यांचं घर चर्चमागच्या चढावर आहे,
त्यांचा कुत्रा मला ओळखतो, बहुतेक.
ऊठ, म्हटलं.
लॅपटॉप माझ्याकडं राहू दे,
तू पुढं हो, टॉर्च धर.