बर्फाच्या कारखान्यातला समुद्र

शनिवारी रात्री नऊला
मोंडकरांच्या बर्फाच्या कारखान्यात
समुद्र दाखवायचे.
तिकीट दोन रुपये,
बसायला स्वतःचं गोणपाट आणलं तर दीड.
कॅसेट वेंगुर्ल्याहून यायची, शेवटच्या एसटीने,
कंडक्टरच्या पिशवीतून.

खरा समुद्र भिंतीपलीकडे होताच,
उधाणाला दाराशी येऊन जायचा,
पण तो घरातल्या माणसासारखा.
त्याच्याकडे कोण बघतो?

बघायचा तो टीव्हीतला.
निळा, इस्त्री केलेला,
जाळी नाहीत, सुकत घातलेले बांगडे नाहीत,
पहाटे वाळूत टमरेल घेऊन बसलेलं कुणी नाही.
पहिल्या रांगेतून जानकीआते तांडेल
दर शनिवारी तेच विचारायची,
"समुद्र हा तो, मगे मासो खंय हा?"
आणि मागून रुझार ओरडायचा,
"मासे कॉलेजात गेले हत गे आते!"

ते सगळे सिनेमे एकच होते.
कॉलेजला सुट्टी लागलेली
आणि कुणालाच घरी जायचं नसायचं.
गिटारला वाळू लागायची नाही,
मुली धावायच्या, धाप लागायची नाही.
मध्यंतराच्या आत एक गैरसमज,
मग सफारीतला एक जाड शेठ
किनारा विकत घ्यायला यायचा.
पैज लागायची. व्हॉलीबॉलचा सामना.
शेवटचा गुण मारायचा तो चष्मेवाला बारका
ज्याला तासभर सगळे हसलेले असायचे,
आणि शेठ हात मिळवून, चक्क,
निघून जायचा.

कुणी मरायचं नाही.
हे तेव्हा कळलंच नाही,
की त्या दोन तासांत
कुणाचाही बाप पाण्यावर गेलेला नसायचा.

जनरेटर बंद पडला की अंधारात
लाद्या ठिबकायच्या.
तळपायाला गार. शमीमच्या बांगड्या.
कुणीतरी शिटी मारायचं, कुणीतरी आईवरून शिवी द्यायचं,
आणि समुद्र जिथे थांबला तिथून
परत सुरू.

दहावीच्या मेमध्ये आम्हीही एक काढला,
कॅमेऱ्याशिवाय.
रुझारने चर्चमधली गिटार मागून आणली,
दोन तारा नसलेली.
शमीम आणि मी शाळेच्याच निळ्या स्कर्टात.
बाबलोच्या मामाची लुना वाळूत दहा हात गेली
आणि रुतली ती रुतलीच,
पाणी चढत आलं तरी सहाजण ढकलतोय,
हसून हसून एकाच्याही हातात जोर नाही.
बाबलो शेठ झालेला, पोटाला उशी बांधून.
त्याला वाक्य एकच होतं :
हा किनारा माझा आहे.
तेही जमेना.
दर वेळी तोंडातून "ह्यो किनारो माजो आसा",
की पुन्हा पहिल्यापासून.

आता त्याला ते शुद्ध म्हणता येतं.
फोनवर म्हणत होता, मी ऐकलं,
पुण्याच्या कुठल्यातरी पार्टीला.
कारखान्याच्या जागी त्याचं रिसॉर्ट,
लाद्या ठेवायचे तिथे स्वागतकक्ष.
सामना झालाच नाही इथे.
कुणी पैज लावली नाही,
सातबारे एकेक करून गेले,
माझ्या काकांचाही, चांगल्या भावाने.
रुझार जहाजावर आहे, शमीम कुवेतला,
आणि मी कोल्हापूरहून आलेली पाहुणी,
खोली नंबर चार, नाश्त्यासकट.

भिंतीवर मोठा टीव्ही, आवाज बंद,
वरून उडत काढलेला आमचाच किनारा
दिवसभर फिरत असतो.
निळा. इस्त्री केलेला.
मी चहा घेऊन समोर बसले
आणि का कोण जाणे, मोठ्याने विचारलं,
"समुद्र हा तो, मगे मासो खंय हा?"

काउंटरवर पैसे मोजत होता बाबलो.
वर बघितलं नाही, बोटही थांबलं नाही.
"मासे कॉलेजात गेले हत गे आते."

तीन नोटा पुन्हा मोजाव्या लागल्या त्याला.
बिल मात्र त्याने पूर्ण लावलं.