नऊची बेरीज

बंडारवेलाच्या चढावर, पोस्टाच्या मागे
उपसेन बासचं गॅरेज: चार पत्रे, एक फणस
आणि तेल पिऊन काळी पडलेली जमीन.
त्यात आईची मॉरिस मायनर, बॉनेट वर,
नंबरप्लेटवर अजून तो जुना ‘श्री’.

इंजिन नव्यानं बांधून पाचशे मैल झाले.
पाचशे मैलांत सगळं एकमेकांवर बसतं, बास म्हणतो,
गॅस्केट दबतं, हेडचे नट सैलावतात,
लग्नाच्या पहिल्या वर्षासारखं.
त्याची तीन लग्नं झाली आहेत, तेव्हा मी ऐकून घेते.

काम थंड इंजिनावरच करायचं, म्हणून सकाळी सहा.
रॉकर कव्हर उतरवलं. खाली आठ व्हॉल्व्ह,
ओळीत, तेलात न्हालेले.
प्लग काढलेत. मी समोरून हँडल घालून फिरवते,
हळू, अजून हळू,
आणि बास बोट वर करतो: थांब.

आठवा पूर्ण दबला की पहिला बघायचा.
सहावा दबला की तिसरा.
बेरीज नऊ आली पाहिजे, बस्स.
शाळेत पाढ्यांना मार खाल्लेला हा माणूस
साठ वर्षं ही एकच बेरीज करतोय
आणि एकदाही चुकलेला नाही.

बारा थाउची पट्टी. इंचाचे हजार तुकडे,
त्यातले बारा. एवढीच फट.
पट्टी आत सरकव, म्हणतो, आता ओढ.
सैल नको, अडकायला नको. जरा धरून ठेवल्यासारखी हवी.
मला कळेना. मग कळलं:
झोपलेल्या बाळाच्या मुठीतून आपलं बोट सोडवताना
लागते ना, तेवढी ओढ.
आईनं दाखवली होती ती, लयनीतल्या एका खोलीत,
कंदिलाच्या उजेडात. मी नऊ वर्षांची.

स्क्रू धरून नट आवळला, की स्क्रू चोरून थोडा फिरतोच.
पुन्हा पट्टी. पुन्हा सैल. पुन्हा.
चौथ्यावर बासनं अकरा वेळा केलं, आणि शिवी दिली
ती सिंहलीत नाही, तमिळमध्ये, म्हणजे मनापासून.

मग फळीवरून त्यानं एक डबा काढला.
बिस्किटांचा. त्यात जुना पाचवा व्हॉल्व्ह,
कडेचा लचका गेलेला, उंदरानं कुरतडावा तसा.
‘मिसीला टकटक सहन व्हायची नाही,’ तो म्हणाला.
‘मळ्यात पोचते तेव्हा पोरं झोपलेली असतात,
गप्प कर हिला, म्हणायची. दर वेळी. गप्प कर.
मी आवळत गेलो.
फट उरली नाही, व्हॉल्व्ह पुरता टेकेना,
टेकेना तर थंड होईना.
आवाज करतो तो टॅपेट जगतो, नोना.
गप्प झालेला आतून जळतो.’

मी हँडलला धरून उभी.
आई शेवटच्या वर्षीही ‘बरं आहे’ म्हणायची,
कोणी विचारलं की लगेच,
प्रश्न पुरता व्हायच्या आधी.

पाचवा त्यानं मला करायला दिला.
चौथा दबला. पट्टी घातली. ओढली.
बासनं स्वतः ओढून पाहिली,
काही बोलला नाही, पुढे गेला दुसऱ्याकडे.

कव्हर, नवं कॉर्क गॅस्केट, प्लग, वायरी.
दुसऱ्या खेपेला इंजिन लागलं.
बासला आता दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.
स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यानं इंजिनला टेकवलं
आणि मूठ दातात धरली, डोळे मिटून.
फणसावरचा कावळा उडाला. बास तसाच,
हाडांनी ऐकत.

टक टक टक टक.
बारीक, शिलाई मशीन शेजारच्या घरात चालावं तशी.
मी हातानं खूण केली: वाजतंय.
त्यानं मूठ दातातून काढली,
‘वाजू दे,’ म्हणाला,
आणि चहाचे पैसे माझ्याकडून घेतले.