दोन ते चार

यादीत माझ्या नावापुढे दोन ते चार.
जोडीला नसीमा मुकादम, नववी ब,
आणि दोघांत मिळून एक शिट्टी.

धाकू झोरे शेकोटीशेजारी आडवा झाला.
कांबळं डोक्यावर ओढता ओढता म्हणाला,
"भेकर वरडला तर भियाचा नाय.
वरडायचा थांबला, तर मला उठवा."

मग आम्ही भेकराची वाट बघत बसलो.
ते ओरडलंच नाही,
म्हणजे थांबलं की नाही, कसं कळणार?

तंबूत कुणीतरी झोपेत सतराचा पाढा चुकत होतं.
किंजळाच्या पानांवरून दव पडत होतं, थांबून थांबून.
मी तिसऱ्यांदा बूट झटकला.

तेवढ्यात उताराखालून आवाज आला.
मोठा, दमलेला,
कुणी कूस बदलावी तसा.
शिट्टी तोंडात होती, फुंकर सापडेना.

नसीमाने कान दिला.
"समुद्र आहे रे. भरती लागली.
अब्बांची होडी आता जैतापुरातून सुटेल."
आणि निखाऱ्यात एक काटकी सारून
ती गप्प बसून राहिली, बराच वेळ,
घरी असल्यासारखी.

घरी विचारतील, बिबट्या दिसला का?
नाही.
शिट्टी मात्र परत करायची राहिली.