मतलई

जुलेखाबी सोलकरांच्या गच्चीवर,
वाळत घातलेल्या सोड्यांच्या शेजारी,
एक पांढरा डबा बसवलाय मी.
मिरकरवाड्याची हवा एक इवला पंखा आत ओढतो,
लेझरपुढून कण जातात
आणि दर पाच मिनिटांनी एक आकडा
कॉलेजातल्या माझ्या मशीनवर येऊन पडतो.

दोन वर्षं हेच खाऊन मॉडेल वाढलं.
वारा कुठला, दमट किती, वार कोणता, काल काय झालं.
आधी ते धुक्यालाच धूळ समजे.
मी त्याला दमटपणा वजा करायला शिकवलं,
जसं रात्री दचकलेल्या पोराला सांगतात,
बागुलबुवा नाही रे, टॉवेल आहे.
शिमग्याला साफ तोंडघशी पडलं:
कॅलेंडर होतं त्याच्याकडे, होम नव्हता.
मग होमही घातला.

आता ते मतलई ओळखतं.
नाव ठाऊक नाही त्याला. पूर्व, पहाटेचे चार, वेग दोन,
एवढ्यावरून सांगतं
सड्यावरच्या काजूच्या भट्टीचा धूर
किती वाजता उतरेल होड्यांपर्यंत.
टरफलांचा तेलकट वास मात्र त्याला येत नाही.
रात्रपाळीला त्या भट्टीवर माझा मेव्हणा असतो,
हे मी मॉडेलला सांगितलेलं नाही.
जुलेखाबीलाही नाही.

"काय मयेकरा, उद्याचं काय म्हनतो तुझा डबा?"
पहाटे वाईट, म्हटलं. एकशे अठराच्या आसपास.
खिडकी लावून घ्या, पंप उशाशी ठेवा.
तिने सोडे परतले, हाताने, अख्खी चटई.
"खिडकीला काच कुठंय?
आनि श्वास काय, आज दोन जास्त घेऊन
उद्याला ठेवता येतो?"

पाच चाळीसला एकशे एकवीस आला.
तीनची चूक! इतकं जवळ कधीच गेलं नव्हतं.
रिकाम्या लॅबमध्ये मी चक्क उडी मारली,
आणि खाली येता येता दिसलं
आलेखाचं ते टोक,
टोकाखाली गच्ची,
गच्चीखाली बिनकाचेची खिडकी.

फोन लावला. वाजत राहिला.
तिसऱ्यांदा उचलला तिने.
आधी खोकला, बराच वेळ, मग
"बरोबर होता रे तुझा डबा."
शाबासकीच होती ती.
मला काही बोलता येईना. मी विचारलं,
सोडे झाकलेत ना?

वारा समुद्राकडून फिरेल, साडेदहाला.
तिचं म्हणणं, अकरा.