सूचना क्रमांक चार

कॅसेट टपालाने आली, थंडर बेला, नोव्हेंबरात,
सोबत घडी घातलेला कागद, दोन्ही बाजूंनी बारीक छापलेला.
मी आधी कागद वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.
मी तशीच आहे. पावाच्या पाकिटावरचंही सगळं वाचते.

रोज एकदा, सलग अठ्ठावीस दिवस.
एक दिवस चुकला तर पहिल्यापासून.
गाडी चालवताना नको, यंत्रापाशी नको.
आवाज इतकाच, की लाटा जेमतेम ऐकू याव्यात.
आणि चार: लाटांखालची वाक्यं ऐकण्याचा प्रयत्न करू नका.

ऐकू नये असं काहीतरी ऐकण्यासाठी
मी एकोणीस डॉलर मोजले.
कव्हरवर लिहिलं होतं: ठामपणा.

धान्याच्या कोठारात, वजनकाट्यावर, मी बावीस वर्षं.
गव्हाचा आकडा मी सांगते, सही मॅक्लीश करतो.
'इर्मा, शनिवारी येशील ना?' याला
माझ्याकडे एकच उत्तर, आणि तेही
त्याचा प्रश्न संपायच्या आत.

तर रात्री साडेनऊला, दिवा मालवून,
कुठल्याशा उबदार समुद्राच्या लाटा.
खिडकीबाहेर सरोवर गोठत चाललेलं,
काठाशी बर्फाचे पापुद्रे एकमेकांवर चढून करकरायचे,
आणि उशाशी हा समुद्र, ज्यात मी पाऊल कधी बुडवलं नाही.
शेजारी एइनो घोरायचा.
त्याच्याबद्दल कागदात काही नव्हतं.

अकराव्या दिवशी एइनो भावाला फोनवर म्हणाला,
'नाही. बोट मिळणार नाही. मागची इंजिनासकट बुडवलीस.'
रिसीव्हर ठेवला
आणि स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला.
मी कागद काढला, उलटसुलट पाहिला.
मग माझ्यात काही फरक?
सूचना सात: फरक तपासत बसू नका.
बसले नाही.

एकविसाव्या रात्री वादळात वीज गेली.
लाट मध्येच लांबली, जाड झाली, थांबली.
एकवीस दिवस पाण्यात.
पण हा दिवस चुकला, की मी चुकले?
विचारायचं कुणाला? कागदाच्या तळाशी
फक्त टपालपेटीचा नंबर.

वीज आली तेव्हा दोन वाजले होते.
मी उठले, बटण धरलं
आणि उजवीकडे शेवटपर्यंत फिरवलं.
समुद्र खोलीभर कोसळला. एइनो ताडकन उठून बसला.
खाली, लाटांच्या बुडाशी, कुणी बाई,
की पुरुष, की नुसती टेपची खरखर—
मी टेपरेकॉर्डरवर वाकले.
'काय सांगायचंय ते मोठ्याने सांग.
पुटपुटू नकोस माझ्याशी.'

हा आवाज या घरात मी पहिल्यांदा ऐकला.

शुक्रवारी मॅक्लीशने विचारलं.
मी गव्हाचा आकडा आधी पूर्ण लिहिला,
टोपण लावलं पेनाला,
म्हटलं, 'बघते.'
नाही नव्हे ते, मला कळतं.
पण त्याने दोनदा वळून पाहिलं.

कागद अजून आहे.
एइनो त्याला माशांचे गळ पुसतो.
चौथी ओळ तेवढी वाचता येते.