डावी कड

पहिला पत्रा मार्चात आला. फॉर्फरला अजून बर्फ होतं
आणि कुरिअरच्या पोरानं तो चहाच्या ट्रेसारखा आडवा धरला होता.
इनिसनं पुठ्ठा सुरीनं उघडला,
मासा उघडावा तसा, पोटाकडून.

आत बाग. बॅलनुअरची, एकोणीसशे सात सालची.
कातरलेले यू, सूर्यघड्याळ, उतरत गेलेल्या पायऱ्या,
गुलाबांचे ताटवे, सगळे राखी.
ॲल्युमिनियममध्ये मुरवलेलं चित्र. चौकट नाही, काच नाही.
"वाफेनं काही होत नाही," तो म्हणाला,
"ओल्या फडक्यानं पुसायचं, झालं."
चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस.
पुसता येतं त्यावर त्याचा विश्वास.

मग गप्प झाला.
चष्मा काढला, पुन्हा लावला.
"बेथिया कुठाय?"

बेथिया त्याच्या आजीची थोरली बहीण.
खुरपणाऱ्या बायकांतली. दिवसाला एक शिलिंग,
गुडघ्याखाली गोणपाट,
आणि मोठ्या घरची माणसं फिरायला निघाली
की कुंपणाआड व्हायचं, असा दंडक.
त्या सकाळी तिला आड व्हायला उशीर झाला,
किंवा ती मुद्दामच झाली नाही.
इनिसच्या घरात दोन्ही सांगतात, ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे.
संग्रहालयातल्या मूळ काचेवर ती आहे, अगदी डाव्या कडेला,
वाकलेली, हललेली,
चेहऱ्याच्या जागी धुकं.
खाली मालकाचं नाव. बाग आखणाऱ्याचं नाव.
पायरीवरच्या कुत्र्याचंसुद्धा.

छापणाऱ्यांचं माप साठ बाय चाळीस.
फोटो जरा रुंद, पत्रा जरा आखूड.
यंत्रानं कुणाला विचारलं नाही,
दोन्हीकडून बोटबोटभर छाटलं
आणि बाग मालकाला हवी होती तशी झाली.

इनिसनं फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती.
पैसे परत करते म्हणाली. फोटो मात्र छान आलाय, म्हणाली.
"छानच आलाय," हा म्हणाला, "तीच तर तक्रार आहे."
मग तिला समजावत बसला, कुठून कुठपर्यंत,
बोटानं हवेत रेघा ओढत, जणू तिला दिसत होत्या.

दुसरा पत्रा एप्रिलात. फक्त डावी कड, फुगवलेली.
अर्धा यू, एक टोपली,
आणि मधोमध माणसाएवढा करडा डाग.
मी म्हटलं, "एवढे पौंड मोजून डाग विकत आणलास."
"हो," म्हणाला. ड्रिल शोधत होता.

पहिला दिवाणखान्यात लागला.
पाहुणे त्याच्यासमोर उभे राहतात, वा म्हणतात,
स्वतःचे केस त्यात बघून घेतात.
दुसरा स्वयंपाकघरात, सिंकच्या वर, बाहेरच्या भिंतीला.
ती भिंत कायम गार.
बटाटे उकडायला लागले की आधी टोपली दिसेनाशी होते,
मग यू, मग थेंब ओघळतात खालच्या कडेवरून
माझ्या धुतलेल्या बशांवर.
नातवानं एकदा त्यावर फ्रिजचं चुंबक लावून पाहिलं.
चिकटलं नाही. टपकन पाण्यात पडलं.
"ही लोखंडाची नाही," त्यानं मला बजावलं.

तकतकीत आहे पत्रा. भांडं घासायला वाकले
की डागात माझा अंबाडा येतो.
मला ते आवडत नाही, आणि हे मी इनिसला सांगितलेलं नाही.

रविवारी तो फडकं घेऊन येतो.
वरून खाली पुसतो, मग मागे सरकून बघतो,
"आहे अजून," म्हणतो,
पाऊस आहे अजून, म्हणावं तसं.
मग आमचा वाद.
तो म्हणतो खुरपं डाव्या हातात आहे,
घरात सगळे डावरेच, मी बघ.
मी म्हणते खुरपं नाहीच ते,
टोपलीचा कान आहे, किंवा ओचा धरलाय तिनं,
उठायच्या बेतात आहे.
"उठत नाहीये," तो म्हणतो.
चष्मा आणायला जातो, विसरतो, हातात वर्तमानपत्र घेऊन येतो.